पोरगा वेगवान आहे, तरी मोकळा सुटत नाही: वाइड रिसीव्हरचं नेमकं काय चुकतं?

पार्क_कट्टा (सोलापूर)
नमस्कार मंडळी. सोलापुरात पाच-पाच जणांच्या फ्लॅग फुटबॉलचा (अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार, पाडण्याऐवजी कमरेचा फ्लॅग खेचायचा) गट सुरू केलाय. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार असल्यामुळे पोरांत हुरूप आहे. बहुतेक सगळे खो-खोतून आलेत. सगळ्यांत वेगवान पोराला रिसीव्हर (पुढे पळून पास झेलणारा) केलं, पण त्याच्यापेक्षा हळू बचावपटूही त्याला चिकटून राहतो. १२ यार्डांवर परत फिरायचं म्हटलं की पास पोचेपर्यंत समोरचा तिथे हजर. आणि हातात आलेले चेंडू छातीवर आपटून उडतात. एनएफएलमधले (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले) रिसीव्हर यात वेगळं काय करतात? सरावात काय घालू?

स्लँट_तीन
दादा, निव्वळ वेगावर रिसीव्हर निवडू नका. २०१७ च्या कम्बाइनमध्ये (नव्या खेळाडूंच्या चाचण्यांत) जॉन रॉस ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावला आणि ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) नवव्या क्रमांकावर गेला, पण एनएफएलमध्ये त्याचा जम बसला नाही. त्याच कम्बाइनमध्ये कूपर कपला ४.६२ सेकंद लागले, तो तिसऱ्या फेरीत गेला. २०२१ च्या हंगामात त्याच कपने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन केले, तिन्हींत लीगमध्ये पहिला.

फरक ब्रेक लावण्यात आहे. कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर नेमलेला बचावपटू) रिसीव्हरच्या कमरेकडे बघत असतो. १२ यार्डांच्या कर्लसाठी (पुढे पळून परत फिरायचं ते) तुमचा पोरगा बहुधा ९-१० यार्डांवरच पावलं आखडतो, छाती वर घेतो, हात हलवायचे थांबवतो. समोरच्याला तेवढं पुरतं. करायचं असं: लांब पळायचंय अशाच थाटात १४ यार्डांपर्यंत पळायचं, छाती गुडघ्यांच्या पुढे, हात चालूच. मग दोन-तीन आखूड पावलांत कंबर एकदम खाली बसवायची आणि क्वार्टरबॅककडे (पास फेकणाऱ्याकडे) दोन यार्ड परत यायचं. थांबताना पाऊल शरीराच्या खालीच पडलं पाहिजे. पाय पुढे फेकून टाच रोवली की मैदानावरच्या मातीत घसरायला होतं आणि सगळा झटका गुडघ्यावर आणि हॅमस्ट्रिंगवर येतो.

स्लँटसाठी (थोडं पुढे जाऊन तिरकं आत कापायचं ते) उजव्या बाजूला उभा असेल तर डावा पाय पुढे. उजवा, डावा, उजवा अशी तीन पावलं सरळ बचावपटूच्या अंगावर, तिसरं पाऊल रोवून आत कापायचं. स्नॅप (चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणं) झाल्यावर पुढचा पाय आधी मागे येतो का, हे मोबाइलवर शूट करून बघा. नवख्यांचं पहिलं पाऊल तिथेच वाया जातं.

होटगी_रोड_९
वर सांगितलंय ते बरोबर, पण सगळा दोष पोरावर टाकू नका. पास पोचेपर्यंत समोरचा हजर होतो म्हणजे क्वार्टरबॅक त्याला मोकळा झालेला बघून मग फेकतोय. तेव्हा उशीर झालेला असतो. रिसीव्हर ब्रेकसाठी पाय रोवतो त्या क्षणी चेंडू हातातून सुटला पाहिजे. म्हणून रूटची (पळायच्या मार्गाची) खोली यार्डांसोबत पावलांतही ठरवतात. दोघांनी मिळून तीच पावलं, तोच ठेका, बचावपटूशिवाय आधी घोटून घ्या. रिसीव्हरने एक पाऊल जास्त टाकलं तरी पास त्याच्या पाठीमागे पडतो.

दुसरं म्हणजे बचाव वाचणं. स्नॅपआधी एका खेळाडूला आडवा पळवा. त्याच्याबरोबर बचावपटूही पळाला तर बहुतेक मॅन कव्हरेज (एकास एक बचाव), जागेवरूनच सगळे सरकले तर बहुतेक झोन (जागा वाटून घेतलेला बचाव). मॅनमध्ये वळल्यावर थांबायचं नाही, पळतच राहायचं. झोनमध्ये दोघांच्या मधली मोकळी जागा दिसली की तिथे थांबून क्वार्टरबॅककडे तोंड करायचं. झोनमध्ये पळत राहणारा रिसीव्हर आपल्या पायांनी पुढच्या बचावपटूच्या ताब्यात जातो.

व्हिडिओत दिसणारी हातांची झटापट मात्र शिकवू नका. एनएफएलमध्ये पहिल्या पाच यार्डांत बचावपटू रिसीव्हरला धक्का देऊन अडवू शकतो, म्हणून ती कला लागते. तुमच्या खेळात धक्काबुक्की चालत नाही.

ग्लव्ह_नको_आधी
झेलांबद्दल लिहिते. चेंडू छातीवर आपटतो कारण पोरगा तो अंगाशी येऊ देतो. कोपरं किंचित वाकलेली, हात पुढे, चेंडू अंगापासून लांबच पकडायचा. छातीच्या वर आला तर दोन्ही अंगठे आणि तर्जन्या जवळ आणून चौकट करायची, चेंडूचं टोक त्या चौकटीत शिरलं पाहिजे. कमरेच्या खाली आला तर करंगळ्या जवळ, तळवे वर. कमरेपासून छातीपर्यंतचा पट्टा सगळ्यांत अवघड, तिथे हात उलटे करायचे की सुलटे हे ठरवण्यात क्षण जातो. जमलं तर गुडघे वाकवून चेंडू वरच्या पट्ट्यात घ्यायचा.

नजर चेंडू काखेत दाबला जाईपर्यंत चेंडूवरच. सुटलेल्या झेलांत बरेचसे पकडण्याआधी पळायला बघितल्यामुळे सुटतात. सरावात पाच यार्डांवरून रोज ४० चेंडू वेगवेगळ्या उंचीवर टाका, शेवटचे दहा पाठमोरं उभं करून, हाक मारल्यावर वळायला लावून. ग्लव्ह नंतर द्या, आधी बोटांना सवय होऊ दे. आपल्याकडची धूळ बसून चेंडू गुळगुळीत होतो, ओलसर टॉवेल जवळ ठेवा आणि दर काही पासनंतर पुसा.

लांब पासवर हात शेवटच्या क्षणी वर काढायचे. बचावपटूची पाठ चेंडूकडे असते, त्याला रिसीव्हरच्या हातांवरूनच अंदाज येतो.

पार्क_कट्टा
आभार ताई, दादा. व्हिडिओ काढला, पुढचा पाय खरंच आधी मागे येतोय. एक शंका: वळताना तो गोलाकार पळतो. खो-खोची सवय मोडावी का?

स्लँट_तीन
एकेरी साखळीत वेग न तोडता खुंटासारख्या बसलेल्यांना वळसे घालायचे असतात, त्यामुळे पाय गोल पळायला शिकलेत. आउट आणि डिगवर (काटकोनात बाहेर किंवा आत वळायच्या रूटवर) तो वळसा बचावपटूला मधे शिरायला जागा देतो. पाच आणि दहा यार्डांवर शंकू ठेवा, पाच पावलं, पाऊल रोवा, काटकोनात निघा. आधी अर्ध्या वेगाने, कोपरा नीट आला की पूर्ण वेगाने. एका वेळी १२-१५ फेऱ्या, मधे मिनिटभर विश्रांती. दमलेला पोरगा पुन्हा गोलच पळतो, तेव्हा थांबवा. आणि उन्हाळ्यात हे सकाळी आठच्या आत उरका.

खो-खोची एक गोष्ट मात्र जपा: झेल घेतल्यावरची हुलकावणी. फक्त पळताना हात फ्लॅगवर जाऊ देऊ नका, त्याला दंड आहे.