मदत हवी आहे: रोहूला खाद्य पचत नाहीये, मोरचुदामुळे असेल का?

शेततळ्यात रोहू-कटला आहेत, साधारण 300 ग्रॅमचे. शेजारच्या द्राक्षबागेत बोर्डो (मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार आणि चुना यांचं बुरशीनाशक) फवारल्यावर जोराचा पाऊस झाला आणि ते पाणी तळ्यात उतरलं. तेव्हापासून रोहू खाद्य तोंडात घेऊन टाकून देतायत. काल मेलेला एक चिरून पाहिला: आतड्यात पेंड जशीच्या तशी, पित्ताशय फुगून गडद हिरवं. कल्ले मात्र लालच. कटला अजून तरी ठीक.

सामू 7.8, अमोनिया नाही, एरेटर रात्रभर चालू. तीन दिवस खाद्य बंद ठेवलं, एक तृतीयांश पाणी बदललं, फरक नाही. रोहूला जठर नसतं, सगळं पचन आतड्यातच, म्हणून जीव वर-खाली होतोय. सगळं पाणी उपसणं शक्य नाही, विहीर आटलीय.

तांब्याचाच त्रास आहे हे कळायला नुसतं पाणी तपासून भागेल, की आतडं-यकृतही द्यावं लागेल, आणि ते बर्फात की फॉर्मॅलिनमध्ये?