मदत हवी आहे: लँकेस्टरच्या एका जुन्या मेनोनाइट मंडळीचा इतिहास

नमस्कार, आम्ही पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीत राहतो आणि शेजारच्या एका छोट्या, जुन्या वळणाच्या मेनोनाइट (साधं राहणारा एक ख्रिस्ती पंथ) मंडळीचा इतिहास लिहायला घेतलाय, तिथल्या एका आजोबांच्याच सांगण्यावरून. मोठा पट माहितीये, म्हणजे 1893 ला बिशप जोनास मार्टिन लँकेस्टर कॉन्फरन्सपासून, म्हणजे इथल्या मेनोनाइट मंडळ्यांच्या संघापासून वेगळे झाले, मग 1927 ला मोटार वापरावी की नाही यावरून त्यांच्या गटात परत फूट पडून दोन गट झाले, वीव्हरलँडवाल्यांनी गाडी घेतली पण बंपर काळा रंगवून आणि ग्रॉफडेलवाले घोडागाडीवरच राहिले, त्यांच्या ट्रॅक्टरला आजही लोखंडी चाकं असतात.

अडलंय 1893 पाशी. आमच्या इथे फुटीनंतरही प्रार्थनाघर एकच राहिलं, दोन्ही गट आलटून पालटून वापरायचे, त्यामुळे कुठलं घराणं कुठे गेलं तेच कळत नाही. दफनभूमीतले दगड वाचून झाले, जर्मनमधलेही, पण दोन्हीकडचे लोक शेजारी शेजारीच पुरलेत. यांच्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा नसतो, त्यामुळे त्या नोंदींचाही आधार नाही. आजोबांना फोटो आणि रेकॉर्डिंग नकोय, ते मी पाळणारच. जुनं जर्मन हस्ताक्षर मला वाचता येत नाही.

अशा वेळी जमिनीची खरेदीखतं, मृत्युपत्रं की धर्मसेवकांच्या डायऱ्या, आधी काय बघू, आणि एखादं घराणं कुठल्या गटात गेलं हे खात्रीने कशावरून ठरवता येईल?