तुम्ही या कामात कसे येऊन पडलात?

शेवंती_सातारा
माळा आवरताना एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड सापडलं. दर तीन वर्षांनी नूतनीकरणाच्या रांगेत उभं राहायचं, कॉल काही आला नाही. नोकरी लागली ती टायपिंगमुळे. आणि टायपिंगला गेले ते दहावीच्या सुट्टीत घरात लोळते म्हणून आईने हाकललं तेव्हा. मराठीचं मशीन एकच धड, त्यातही 'ळ' अडकायचा. दांडी बोटाने मागे ढकलायची, बोटं काळी. सर पट्टीने टेबल ठोकायचे, "खाली बघायचं नाही!" मिनिटाला इंग्रजी 30, 40 शब्द, मराठी 30, मग शॉर्टहँड, मग कोर्टात स्टेनो. व्हायचं होतं नर्स. आता दिवसभर जामिनाचे हुकूम. तुमचं सांगा, ठरवून आलात की कोणी ढकललं?

पंचगंगेकाठचा
चुलत्यांनी साखर कारखान्यात चिकटवलं, चिटबॉय म्हणून. एका सीझनपुरतं म्हणाले हुते. आता केस पांढरे झाले.

मीठमिरची
चिटबॉय काय करतो?

पंचगंगेकाठचा
शिव्या खातो 😄 उसाच्या लागणीच्या तारखा बघून तोडीचा क्रम लावायचा, आडसाली (दीड वर्षाचा ऊस) आधी, खोडवा (तोडलेल्या उसाचा पुन्हा फुटलेला) मागनं. ज्यांनी लग्नाला बोलावलं नाही ते पण सीझनला फोन करत्यात, "भावा, तोड कधी लागतीय, तुरा आला की रं." तोडणी टोळीचा मुकादम फोन बंद करून झोपतो, आणि सापडतो मी. जेवायला बसलोय, नंतर लिहितो.

परळची_पोरगी
आमच्याकडे संपाने ठरवलं. आईची खाणावळ, सगळे मेंबर गिरणीतले. 18 जानेवारी 1982 ला संप लागला आणि बघता बघता मेंबर गावाला गेले. काहींच्या ट्रंका आमच्या पोटमाळ्यावर कित्येक वर्षं पडून होत्या. आईने अन्नपूर्णाकडून कर्ज काढलेलं (प्रेमाताई पुरवांचं मंडळ, 1975 चं), ते फेडायचं तर बसून कसं चालेल? फोर्टातल्या ऑफिसांत डबे सुरू केले. मी शाळेतून आले की पोळ्यांना तेल लावायला. मला बँकेत लागायचं होतं, पण हात रिकामा झालाच नाही. आज केटरिंग आहे. गिरणीच्या जागेवर टॉवर झालाय, तिथल्या ऑफिसातही आमचं जेवण जातं. लिफ्टवाला म्हणतो मागच्या दाराने या.

मीठमिरची
परळची, त्याला पण एक डबा लावून द्या, पुढचं दार उघडेल.

दोन_आकडी
एम.एस्सी. बॉटनी. रूममेटला एकट्याला कंटाळा येईल म्हणून त्याच्याबरोबर कोबोलच्या (कॉम्प्युटरची जुनी भाषा) क्लासला बसलो. 1998 साल. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे, 2000 आलं की घोळ होणार, त्यामुळे दिसेल त्याला उचलत होते. सगळे म्हणाले 2000 नंतर काय करशील? बँकांचं कोबोल अजून चालू आहे, मीही. न्यू जर्सीत. रूममेट क्लास सोडून गेला, नाशिकला द्राक्षं करतो. बागेचे फोटो पाठवून मला झाडांची नावं विचारतो, मेला.

नावात_काय
बाबा गेले तेव्हा बारावीत होतो. अनुकंपाच्या यादीत नंबर यायला वर्षं गेली, तोवर मेडिकलच्या दुकानात. मग त्यांच्याच खात्यात लागलो. जुन्या फायली काढल्या की अजून त्यांच्या टिपण्या निघतात. एवढंच.

शेवंती_सातारा
@नावात_काय काय बोलावं कळेना. अक्षर छान असेल ना त्यांचं?

नावात_काय
गचाळ 😄 वाचायला मलाच बोलावतात.

पंचगंगेकाठचा
😂😂 जेवलो. पण काय सांगत हुतो ते विसरलो.

तुतीवाला
डी.एड. करून बसलो तर भरती बंद. 2013 ला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आली, तीही पास. वाट बघता बघता आत्तेभावाच्या शेडवर रेशमाच्या अळ्यांना तुतीचा पाला टाकायला लागलो, ते आजतागायत. 100 अंडीपुंज घेतले की साधारण 40 हजार अळ्या. वर्गात चाळीस पोरं मिळायची मारामार होती! चौथी कात टाकली की रात्रीसुद्धा पाला मागतात. ओला पाला पडला की बॅच आजारी, म्हणून पावसात फांद्या आधी पंख्याखाली. कोष जालन्याच्या बाजारात. बायको अजून ओळख करून देताना "हे शिक्षक" म्हणते.

मीठमिरची
मी गृहिणी. कशी आले ते सासूबाई सांगतील, त्या पण वाचतात इथे. कुकर झाला, आलेच.

दोन_आकडी
@तुतीवाला जालन्यात कोषाला भाव काय चाललाय? मेहुण्याने तुती लावलीय, सारखा विचारतो.

तुतीवाला
रोज बदलतो हो. त्यांना म्हणा आधी उझी माशीसाठी (अळ्यांवर अंडी घालते ती) शेडला जाळी लावा, भावाचं मग बघू.