देशोदेशींच्या जनमताची तुलना: प्रश्न एक असला, तरी मोजपट्टी एक असते का?

मोजपट्टी

‘बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो असे आपल्याला वाटते, की लोकांशी वागताना सावधच राहावे लागते?’ हा प्रश्न वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे या नावाचे सर्वेक्षण १९८१ पासून जगभर विचारत आले आहे. अलीकडच्या फेरीत ‘विश्वास ठेवता येतो’ असे उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण नॉर्वे आणि चीन या दोन्ही देशांत निम्म्याहून बरेच अधिक भरले, तर ब्राझील आणि कोलंबियात ते दहा टक्क्यांहूनही कमी होते. अशा आकड्यांवरून देशांची क्रमवारी लावली जाते, नकाशे रंगवले जातात आणि अमुक समाज परस्परविश्वासाचा, तमुक संशयी, असे निष्कर्ष काढले जातात.

या प्रश्नातले ‘बहुतेक लोक’ म्हणजे कोण, हे मात्र प्रश्नात कोठेच सांगितलेले नाही. यान डेल्हाय, केनेथ न्यूटन आणि क्रिस्टियान वेल्त्सेल यांनी २०११ मध्ये ५१ समाजांची आकडेवारी तपासली. कुटुंबीय, शेजारी आणि ओळखीचे लोक यांच्यावरील विश्वास एकीकडे, तर प्रथमच भेटलेले, परधर्मीय आणि परदेशी यांच्यावरील विश्वास दुसरीकडे, अशी तुलना केल्यावर त्यांना दिसले की ‘बहुतेक लोक’ या शब्दांनी मनात उभे राहणारे वर्तुळ सगळीकडे सारखे नसते. श्रीमंत पाश्चात्त्य देशांत ते बरेच रुंद असते, चीनसारख्या देशांत अरुंद. म्हणजे नॉर्वेचा उत्तरदाता अनोळखी माणसाविषयी बोलत होता आणि चीनचा बहुधा आपल्या माणसांविषयी, तरी दोघांची उत्तरे एकाच रकान्यात पडली.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. सरकारच्या कारभारात तुमच्या मताला कितपत स्थान आहे, असे थेट विचारल्यावर चिनी उत्तरदात्यांनी मेक्सिकोतील उत्तरदात्यांपेक्षा वरचे उत्तर दिले होते, आणि तेही मेक्सिकोने २००० साली सात दशके सत्तेवर असलेला पक्ष मतपेटीतून पायउतार केला असताना. गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (लेख २००४ चा) उत्तरदात्यांना काही कल्पित माणसांच्या लहान हकिगतीही दिल्या होत्या. एकाच्या घरी पिण्याचे शुद्ध पाणी नाही, त्याला मत देता येत नाही आणि तो निमूटपणे सोसतो; दुसरी त्याच अडचणीसाठी शेजाऱ्यांसह विरोधी उमेदवाराच्या पाठीशी उभी राहते. या माणसांच्या मताला कितपत स्थान आहे, हे त्याच मापाने सांगायचे होते. त्या हकिगतींच्या तुलनेत प्रत्येकाचे स्वतःविषयीचे उत्तर पाहिल्यावर दोन्ही देशांचा क्रम उलटला.

माझे म्हणणे असे, की प्रश्नाचा अर्थ सर्व ठिकाणी एकच आहे हे सिद्ध झाल्याशिवाय अशा प्रश्नांवरून देशांची क्रमवारी लावणे बंद करावे.

आडवाट

‘मोजपट्टी’ यांच्या मूळ लेखनातील दोन्ही उदाहरणे मान्य, निष्कर्ष अमान्य. या दोन्ही प्रकरणांत चूक कोणी शोधली? सर्वेक्षण करणाऱ्यांनीच, आणि तीही अधिक प्रश्न विचारून. मोजपट्टी वाकडी असल्याचे दुसऱ्या मोजपट्टीनेच कळले असेल, तर मोजणेच थांबवा असा अर्थ त्यातून कसा निघतो?

आपण ज्यांचा आधार घेतला त्या वेल्त्सेल यांनीच, वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेचे संस्थापक रोनाल्ड इंगलहार्ट यांच्यासह, २०१६ मध्ये उलट बाजूने लेखणी उचलली होती, हे येथे नमूद करायला हवे. होजे अलेमान आणि ड्वेन वुड्स यांनी त्यांच्या मूल्यनिर्देशांकांवर (मूल्यांविषयीच्या अनेक प्रश्नांची उत्तरे एकत्र करून काढलेल्या आकड्यांवर) आक्षेप घेतला होता, की निर्देशांकातील घटक प्रत्येक देशात परस्परांशी सारख्याच प्रकारे जोडलेले दिसत नाहीत, म्हणून तुलना टिकत नाही. उत्तर असे होते, की व्यक्तीच्या पातळीवर घटकांची जुळणी सैल असली, तरी देशाची सरासरी त्या देशातील इतर वास्तवाशी अपेक्षेप्रमाणे जुळत असेल, तर त्या सरासरीत काहीतरी खरे मोजले गेले आहे. मला हे पटते. भाषांतराच्या गोंधळातून निव्वळ यादृच्छिक चढउतारच निघाले असते, तर असे नियमित संबंध दिसलेच नसते.

शिवाय काही अंतरे इतकी मोठी असतात की अर्थच्छटांनी ती भरून निघत नाहीत. गेब्रियल आल्मंड आणि सिडनी व्हर्बा यांनी १९५९-६० मध्ये पाच देशांत विचारले होते की आपल्या देशाविषयी तुम्हाला कशाचा अभिमान वाटतो. राज्यव्यवस्था आणि राजकीय संस्था यांचे नाव घेणारे अमेरिकेत ८५ टक्के होते, पश्चिम जर्मनीत ७ आणि इटलीत ३. नाझी आणि फॅसिस्ट राजवटींनंतर पंधरा वर्षांनी हे आकडे असे येणे स्वाभाविक होते. ८५ आणि ७ यांतील अंतर शब्दकोशाच्या माथी मारता येणार नाही.

मोजपट्टी

त्याच अभ्यासात मेक्सिकोचा नमुना दहा हजारांहून अधिक वस्तीच्या गावांपुरताच मर्यादित होता, हे आपण सोडून दिलेत. ग्रामीण मेक्सिको वगळून ‘मेक्सिकन नागरिकाची वृत्ती’ सांगितली गेली.

आता सहसंबंधांविषयी. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० साली अमेरिकेच्या जनगणनेतून दाखवले होते की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक, तेथे साक्षरताही अधिक होती. व्यक्तींकडे पाहिले, तर परदेशात जन्मलेले लोक मात्र सरासरीने कमी साक्षर होते. स्थलांतरित लोक ज्या राज्यांत वसत, तेथील मूळ रहिवासी अधिक शिकलेले होते, एवढेच त्याचे कारण. सरासरी सरासरीशी जुळते म्हणून माणसांविषयीचे विधान खरे ठरत नाही. ‘देशाची सरासरी वास्तवाशी जुळते’ या युक्तिवादाने इंगलहार्ट यांची अडचण सुटत नाही, ती एक मजला वर सरकते.

आडवाट

रॉबिन्सन यांचा इशारा देशाच्या आकड्यांवरून व्यक्तींविषयी बोलणाऱ्यांना लागू आहे. देशांच्या आकड्यांवरून देशांविषयी बोलणाऱ्यांना तो लागू होत नाही. ‘येथील संस्था कशा वातावरणात काम करतात’ हा प्रश्न समाजाच्या पातळीवरचाच आहे. मेक्सिकोच्या नमुन्याविषयीचा आक्षेप रास्त आहे, पण मी दिलेले आकडे मेक्सिकोचे नव्हते.

प्रश्नचिन्ह

दोघेही भाषांतर हा एक अडथळा आहे, तो ओलांडला की पलीकडे स्वच्छ मैदान आहे, असे धरून चालला आहात. मी काही वर्षे प्रश्नावल्यांच्या भाषांतराचे काम केले आहे, म्हणून थोडे लिहितो.

२००२ पासून दर दोन वर्षांनी होणाऱ्या युरोपियन सोशल सर्व्हेमध्ये भाषांतराची शिस्त कडक आहे. दोघे स्वतंत्रपणे भाषांतर करतात, मग एकत्र बसून वाद घालतात, अंतिम निवड कोणी व का केली याची नोंद ठेवली जाते आणि मसुदा आधी थोड्या लोकांवर तपासला जातो. तरीही अर्थाचा प्रश्न सुटतोच असे नाही, कारण तो शब्दात नसून शब्दामागच्या व्यवस्थेत असतो. ‘गव्हर्नमेंट’ हाच शब्द घ्या. अमेरिकेत त्याचा अर्थ बहुधा संपूर्ण शासनयंत्रणा असा होतो, ब्रिटनमध्ये सत्तेवर असलेले मंत्रिमंडळ असा. भाषा एक, भाषांतराची गरजच नाही, आणि तरी ‘तुमचा गव्हर्नमेंटवर विश्वास आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

याहून मला अधिक काळजी वाटते ती उत्तर न देणाऱ्यांची. या सर्वेक्षणाचे उद्दिष्ट ७० टक्के प्रतिसादाचे होते, आणि २०१८ च्या सुमारास जर्मनीत तो तिसाच्याही खाली गेला. दार न उघडणाऱ्या सत्तर जणांचे मत दार उघडणाऱ्या तिसांसारखेच असेल, असे मानायला आधार काय? आपण दोघेही अर्थाविषयी भांडत आहात, आणि घरात माणूसच नाही.

कडेलोट

आणि जिथे दार उघडले जाते, तिथे खरे बोलले जाते का? चीनमध्ये सत्ताधारी पक्षाला पाठिंबा आहे का, असे थेट विचारल्यावर नव्वद टक्क्यांहून अधिक लोक होकार देतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच अप्रत्यक्षपणे विचारले गेले: काही विधानांची यादी द्यायची आणि त्यांतील किती पटतात एवढीच संख्या सांगायला लावायची, कोणती ते सांगायचे नाही. पक्षाविषयीचे विधान काहींच्याच यादीत असते, म्हणून दोन गटांच्या सरासरीतील फरकावरून पाठिंबा काढता येतो. तो ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान आला. हुकूमशाही आणि लोकशाही देश एकाच तक्त्यात मांडणे म्हणजे शुद्ध फसवणूक आहे.

आडवाट

‘शुद्ध फसवणूक’ हा शब्द अतिरेकी आहे. याच यादीपद्धतीने २०१५ मध्ये रशियात पुतिन यांच्या लोकप्रियतेची तपासणी झाली होती, आणि तेथे थेट व अप्रत्यक्ष उत्तरांतील फरक साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच निघाला. म्हणजे भीतीचा परिणाम प्रत्येक देशात, प्रत्येक काळात वेगळा असतो आणि तो मोजावा लागतो. न मोजताच तक्ता फाडून टाकणे सोपे आहे.

याच संदर्भात, दोष नेहमी प्रश्नावलीचा नसतो, हेही सांगतो. २०१६ मध्ये रॉबर्टो फोआ आणि याशा मुंक यांनी लिहिले की पाश्चात्त्य तरुणांना लोकशाहीत राहणे पूर्वीइतके अत्यावश्यक वाटत नाही. प्रश्नाचे उत्तर १ ते १० या पट्टीवर होते आणि त्यांच्या बहुचर्चित आलेखात केवळ पूर्ण १० देणारेच मोजले होते. ९ देणारा आणि १ देणारा त्या आलेखात सारखेच! टीकाकारांनी सरासरी काढून दाखवल्यावर आलेखातील तो तीव्र उतार बऱ्यापैकी सपाट झाला. २०१३ मध्ये गाजलेल्या वंशसहिष्णुतेच्या (परवंशीय शेजारी चालेल का, या प्रश्नावर आधारलेल्या) नकाशातही बांगलादेशाचे आकडे मूळ नोंदीतच उलटे पडल्याचे नंतर उघड झाले. यात नागरिकांचा दोष नव्हता आणि प्रश्नाचाही नव्हता.

आणखी एक. ‘मोजपट्टी’ यांनी पूर्व आणि पश्चिम जर्मनीकडे पाहावे. आलेसिना आणि फुक्स-श्युंडेल्न यांनी २००७ मध्ये दाखवले की एकीकरणानंतरही पूर्वेकडील लोक शासनाने नागरिकांची जबाबदारी घ्यावी याच्या बाजूने स्पष्टपणे अधिक झुकलेले होते, आणि हे अंतर मिटायला एक ते दोन पिढ्या लागतील असा त्यांचा अंदाज होता. भाषा एक, इतिहासाचा मोठा भाग एक, वेगळी केवळ राजवट. हे अंतर खरे नाही असे आपण म्हणाल का?

मोजपट्टी

नाही म्हणणार. ते अंतर खरे आहे असेच मला वाटते, आणि ‘बंद करावे’ हे माझे शब्द मी मागे घेतो. पण हे उदाहरण मला का पटते, ते पाहा: त्यात भाषा एक होती, म्हणून संशयाला जागा कमी उरली. माझी अट नेमकी तीच आहे.

प्रश्नचिन्ह

भाषा अमेरिका आणि ब्रिटनमध्येही एकच होती. पूर्व जर्मनीत चाळीस वर्षे ‘शासन’ या शब्दाने जे अनुभवले गेले, ते पश्चिमेत अनुभवले गेले नव्हते. तेव्हा ‘शासनाने जबाबदारी घ्यावी’ याला दोन्हीकडे होकार देणारे एकच गोष्ट मागत होते, हे केवळ भाषेवरून कसे ठरवणार? ती हकिगतींची युक्ती तेथे वापरून पाहावी लागेल.