बंद खोक्यातल्या जेसीबी-पोकलेनचा नाद: छंद की मटका?

उद्यमनगरी_पॅटर्नवाला (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं की बंद खोक्यातून येणारी जुळवाजुळवीची छोटी खेळणी म्हणजे मोठ्या माणसांचा मटका. तो शब्द मला लागला, म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांनी ही खेळणी बघितली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. खोकं तळहातावर मावतं. वर सहा गाड्यांची चित्रं असतात: पोकलेन, जेसीबी, डंपर, रोलर, काँक्रीट मिक्सर आणि रस्त्यावर डांबरी खडी पसरणारा पेव्हर. आत त्यातली एकच गाडी, तीही सुट्या तुकड्यांत. कुठली, ते फोडल्यावर कळतं. मी ज्या दुकानातून घेतो तिथं एक खोकं २५० रुपयांना मिळतं. आजवर नऊ घेतली.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न शॉपमध्ये काम करतो. फौंड्रीत साचा तयार करण्यासाठी लागणारा लाकडी नमुना बनवणं हे आमचं काम. दिवसभर ड्रॉइंग, माप, टेपर (कडेचा हलका उतार). त्यामुळे असा तुकडा हातात आला की माझी नजर आधी त्याच्या कडेवर जाते. प्लॅस्टिक साच्यात जिथून शिरलं तिथं एक बारीक ठिपका राहतो. चांगल्या संचात तो ठिपका अशा बाजूला असतो की जोडल्यावर दिसत नाही. हरभऱ्याच्या डाळीएवढ्या तुकड्यासाठी कुणीतरी एवढा विचार केलाय, हे बघून मला खरंच बरं वाटतं. पोकलेनची चेन एकेक कडी अडकवत पुरी करायची, ती चाकांवर चढवायची आणि मग बोटानं ढकलल्यावर ती न अडखळता फिरते. त्या वेळचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

आता मुद्दा. आत काय आहे ते माहीत नसणं हा तोटा नाही, असं माझं म्हणणं आहे. पेव्हर मी दुकानात जाऊन कधीच निवडला नसता. खोक्यातून तो निघाला तेव्हा मी नाराज होतो. पण जुळवता जुळवता कळलं की पुढच्या हॉपरमध्ये, म्हणजे उघड्या पेटीत, डंपर डांबरी खडी ओततो, मधल्या पट्ट्यावरून ती मागं जाते, आडवा स्क्रू ती रस्त्याच्या रुंदीभर पसरतो आणि शेवटची जड पाटी एकसारखी जाडी राखत तिच्यावरून सरकते. त्यानंतर रंकाळ्याकडं जाताना रस्त्याचं काम चाललेलं दिसलं, तर गाडी बाजूला लावून वीस मिनिटं बघत उभा राहिलो. इतकी वर्षं त्या मशीनच्या शेजारून गेलो होतो, पण बघितलं तेव्हाच. नशिबानं हाती आलेल्या गोष्टीनं मला हे दिलं. याला मटका म्हणणं अन्याय आहे.

राजारामपुरीची_आई

दादा, तुमचा आनंद खरा आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही चाळिशीकडं झुकलेले, स्वतःच्या पगारातून घेणारे. माझा मुलगा सात वर्षांचा आहे.

त्याला पिवळी पोकलेन हवी होती. वाढदिवसाच्या पैशांतून चार खोकी घेतली. पहिल्यात रोलर, दुसऱ्यात मिक्सर, तिसऱ्यात परत रोलर. चौथं खोकं त्यानं फोडायच्या आधी देवापुढं ठेवलं. निघाला मिक्सर. तो रडला नाही. मला म्हणाला, "आई, मी काहीतरी चुकीचं केलं असणार." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. हजार रुपये गेले त्याचं दुःख नाही. खेळणं मिळालं नाही यात आपलीच काहीतरी चूक आहे असं पोराला वाटावं, हे विकणाऱ्यानं आधीच हिशेबात धरलेलं असतं. नाहीतर खोक्याला खिडकी ठेवायला किती खर्च येतो?

चीनमध्ये अशा खोक्यांचा धंदा मोठा. तिथल्या सरकारनंच २०२३ मध्ये सूचना काढल्या की आठ वर्षांखालच्या मुलांना ती विकायची नाहीत आणि त्यापुढच्या मुलांसाठी पालकांची संमती हवी. धंदा करणाऱ्या देशाला जे कळलं ते आपल्याला कळायला नको?

आमच्या लहानपणी मेकॅनिक्सचा संच यायचा. पट्ट्या, नट-बोल्ट, छोटा पाना. त्याच संचातून क्रेन करा नाहीतर ट्रक करा, आणि आत काय आहे ते खोक्यावर छापलेलं असायचं. शोधायची मजा जुळवण्यात होती. ती विकत घेण्यात कशाला आणायची?

कसबा_बावडा_९

ताईंशी सहमत. जत्रेत चिठ्ठी फाडायचो तेच हे. फक्त पॅकिंग भारी.

गणिताचा_मास्तर

भावनेचं बाजूला ठेवून हिशेब मांडतो, कारण दोन्ही बाजूंना तो उपयोगी पडेल.

सहा गाड्या आहेत आणि प्रत्येक निघण्याची शक्यता सारखी आहे असं धरा. पहिली नवी गाडी पहिल्याच खोक्यात मिळते. दुसरी नवी मिळायला सरासरी १.२ खोकी, तिसरीला १.५, चौथीला २, पाचवीला ३ आणि एकट्या सहावीला ६. बेरीज १४.७. म्हणजे संच पुरा करायला २५० च्या दरानं सरासरी ३,६७५ रुपये. सहा गाड्या निवडून घेता आल्या असत्या तर १,५०० लागले असते. मधला फरक हा न दिसण्याचा दर.

आणि ही झाली बरी स्थिती. काही मालिकांत एक गुप्त नमुनाही असतो, ७२ खोक्यांत एक, कधी १४४ त एक. लोकांना वाटतं ७२ घेतली की तो येणारच. तसं नाही. सुटी ७२ खोकी घेऊनही शंभरातल्या ३६-३७ जणांच्या हाती तो लागत नाही.

धागाकर्त्यांनी नऊ घेतलीत. किती प्रकार जमले ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगावं.

उद्यमनगरी_पॅटर्नवाला

सांगतो की. रोलर तीन, पोकलेन दोन, डंपर दोन, जेसीबी एक, पेव्हर एक. मिक्सर नाही.

सर, तुमचं गणित बरोबर आहे, पण ते संच पुरा करणाऱ्याचं आहे. मला पुरा करायचाच नाही. तीन रोलर आले तर एक तसाच ठेवला, दुसऱ्याचे पुढचे-मागचे ड्रम वेगळ्या अंतरावर बसवून बघितले, तिसऱ्याची केबिन काढून उघडा जुना रोलर केला. एकच तुकडे परत आले की माणूस खोक्यातला जुळणीचा कागद बाजूला ठेवून स्वतः करायला लागतो.

ताई, तुमच्या मुलाचं वाचून मी थोडा वेळ काहीच लिहू शकलो नाही. सात वर्षांच्या पोराला हे विकू नये, हे मला पटलं. मी धागा काढला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं माझ्यासारखीच माणसं होती, पोरं नव्हती. ती माझी चूक.

पण खिडकी ठेवा, हे मान्य नाही. हे आजचं खूळही नाही. जपानमध्ये नाणं टाकून दांडा फिरवला की कॅप्सूल पडणारी यंत्रं १९६० च्या दशकापासून आहेत. बांदाई या तिथल्या खेळणी कंपनीनं १९७७ पासून ती गाशापॉन या नावानं आणली: दांडा फिरल्याचा आवाज गाशा, कॅप्सूल पडल्याचा पॉन. लेगोनंही २०१० पासून छोट्या माणसांच्या मालिका बंद पाकिटांत विकल्या. इतकी वर्षं मोठी माणसं हे घेतात, ती सगळी फसलेली आहेत असं म्हणणं मला जड जातं.

महाद्वाररोड_खेळणी

दुकानदाराची बाजू सांगतो.

ही खोकी आली तेव्हा मी सुटी विकायला ठेवली. पहिल्या महिन्यात माल हातोहात गेला. मग एक गोष्ट लक्षात आली. गिऱ्हाईक खोकं घेताना हलवतंय, कानाला लावतंय. दोघं कॉलेजची पोरं तर चार खोकी घेऊन गुजरीत ओळखीच्या सराफाकडं गेली आणि काट्यावर वजन करून आली. पोकलेनला चेनच्या कड्या जास्त, म्हणून ती दोन-तीन ग्रॅमनं जड. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी बरोबर जड खोकी उचलली. राहिली ती रोलरची, आणि तीच लहान पोरांच्या हाती गेली. म्हणजे मास्तर म्हणतात तशी सारखी शक्यता दुकानात उरतच नाही. ज्याला युक्ती माहीत त्याला पोकलेन, ज्याला माहीत नाही त्याला उरलेलं.

तेव्हापासून मी सुटं विकत नाही. सहाचा अख्खा ट्रे देतो. या मालात ट्रेमध्ये सहाही गाड्या वेगवेगळ्या येतात. धंदा कमी झाला, पण दारात रडारड नाही. आणि एक सांगतो, घेताना आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्यांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. चिन्ह नसलेला माल स्वस्त पडतो, पण तुकडे सैल बसतात आणि घरात रांगतं पोर असेल तर सैल तुकडा कुठं जाईल सांगता येत नाही.

पोकलेनवाला_शिरोली

मी पंधरा वर्षं मशीन चालवतोय. जेसीबी चार वर्षं, नंतर पोकलेन. तुम्ही सगळे खोक्यावर भांडताय, गाडीबद्दल कोणच काय बोलंना.

पोकलेन हे मुळात फ्रान्सच्या कंपनीचं नाव. त्यांच्या मशीन आपल्याकडं एल अँड टीनं बनवल्या, आणि नाव असं चिकटलं की आज कुठल्या बी कंपनीचं चेनवालं मशीन आलं तरी पोकलेनच. जेसीबीचं बी तसंच. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसाची ही तीन अक्षरं, १९४५ ला इंग्लंडात सुरुवात केली त्यानं. आपल्याकडं निवडणूक जिंकली की त्याच्या बकेटमधनं गुलाल पडतोय.

लोकांना या गाड्यांचं वेड का, ते मला माहीत हाय. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता. पाणी उतरल्यावर गल्ल्यांत गुडघाभर गाळ. आम्ही मशीन घेऊन शिरलो की म्हाताऱ्या बायका दारात येऊन हात जोडायच्या. मला न्हवं, मशीनला. त्या गल्लीतली पोरं आता मोठी झालीत. त्यांच्या मनात ही गाडी बसली ती तिथं, खोक्यानं बसवली न्हाई.

माझ्या पोरानं एक जेसीबी जुळवला. मागचे दोन जॅक उचललेलेच ठेवून तो मागच्या बकेटनं खणायला लागला. मी म्हटलं, थांब. आधी जॅक टेकव, पुढची बकेट जमिनीला लाव, चाकावरचा भार काढ, मग खण. नाहीतर गाडी हलती आणि कडंला माणूस असला तर जीव जातोय. त्यानं दोन वेळा करून दाखवलं. एवढ्याशा खेळण्यात जॅक खरोखर खाली-वर होतेत, याचं मला कौतुक वाटलं. पण पोराला कुठलं मशीन शिकवायचं ते मी ठरवणार. खोकं कसं काय ठरवणार? म्हणून मी ताईंच्या बाजूनं.

उद्यमनगरी_पॅटर्नवाला

काका, जॅकचं वाचून माझा जेसीबी कपाटातून काढला. मीही ते उचललेलेच ठेवले होते. आत्ता टेकवले.

माझं मत पुरतं बदललेलं नाही. पेव्हर मला न निवडता मिळाला आणि म्हणूनच तो माझा झाला, हे मी अजूनही म्हणतो. पण सराफी काट्याची गोष्ट मला माहीत नव्हती. निवडून उरलेलं पोरांच्या हाती जातं, याला माझ्याकडं उत्तर नाही. इथून पुढं मी सुटं घेणार नाही.

ताई, तुमच्याकडं दोन मिक्सर आहेत, माझ्याकडं दोन पोकलेन. अदलाबदल करूया का? रविवारी संध्याकाळी मी रंकाळ्याच्या चौपाटीवर असतो. पोकलेन नीट जुळवलेली आहे, चेन गुळगुळीत फिरते.

गणिताचा_मास्तर

हे उत्तम. सहावी गाडी सरासरी १,५०० रुपयांना पडली असती, ती फुकटात मिळतेय.

राजारामपुरीची_आई

चालेल दादा, रविवारी साडेपाचला येते, मुलालाही आणते. फक्त एक विनंती. पोकलेन जुळवलेली आणू नका. सगळी सुटी करून तुकडे पाकिटात घाला, सोबत तो घडीचा कागद द्या. पाकिटात काय आहे ते मी त्याला आजच सांगणार आहे, पण चेन त्यालाच चढवायचीय.