द्वेषातून झालेल्या गुन्ह्यांत सरकार नेमकं काय करतं?

सावली:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारते. कुणावर जातीमुळे, धर्मामुळे नाहीतर तृतीयपंथी आहे म्हणून हल्ला झाला की मंत्री भेटायला जातात, निषेध होतो, मदत जाहीर होते, कायदा अजून कडक करू म्हणतात, आणि मग आपल्याला पुढचं काहीच कळत नाही. शिक्षा वाढवून खरंच फरक पडतो का? की सरकारने दुसरंच काही करायला पाहिजे? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्या कुणी सांगितलं तर बरं होईल.

पाणकळा:
शिक्षा किती हा प्रश्न फार नंतरचा आहे ताई, आधी गुन्हा नीट नोंदवला जातो का ते बघा. मी अ‍ॅट्रॉसिटीच्या, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या केसेसमध्ये फिर्यादीसोबत पोलीस स्टेशनला जाते, तिथे बसून बघितलंय म्हणून सांगते. बाई सांगत असते की मला जातीवरून शिवी दिली, विहिरीवरून हाकललं, आणि कागदावर येतं "पाण्यावरून किरकोळ वाद झाला". शिवीतला शब्द गायब, आजूबाजूला कोण उभं होतं तेही नाही. आणि लोकांसमोर अपमान झाला हे कोर्टात दाखवावं लागतं, त्यामुळे ती दोन वाक्यं गेली की केसचा जीवच गेला. फिर्याद वाचून दाखवली जाते तेव्हा ती बाई इतकी दमलेली असते की हो हो म्हणते आणि अंगठा देते.
कायद्यात काय कमी आहे हो? 1989 चा कायदा आहे, 1995 चे नियम आहेत, तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा, 2015 च्या दुरुस्तीनंतर तपास 60 दिवसांत संपवायचा, साक्षीदारांच्या संरक्षणासाठी कलम 15 अ आहे. जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते, तिने दर 3 महिन्यांनी बसून प्रत्येक केसचा आढावा घ्यायचा असतो. ही बैठक वेळेवर आणि मनापासून झाली तरी निम्म्या फायली हलतील असं माझं मत आहे.

वाटसरू:
पाणकळाशी सहमत. इंग्लंडमध्येही हेच झालेलं. 1993 मध्ये लंडनला स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा बसस्टॉपवर खून झाला, पोलिसांनी तपासाची वाट लावली, आई-वडील वर्षानुवर्षं लढले तेव्हा कुठे चौकशी बसली आणि 1999 च्या मॅकफर्सन अहवालाने स्पष्ट लिहिलं की वंशभेद पोलिसांच्या यंत्रणेतच आहे. त्यातली एक शिफारस मला सगळ्यात मोलाची वाटते, की पीडिताला किंवा दुसऱ्या कुणालाही घटना वंशद्वेषातली वाटली तर पोलिसांनी ती तशीच नोंदवायची, ठाण्यातल्या माणसाने स्वतःचं मत घालायचं नाही. खुनासाठी दोघांना शिक्षा झाली ती 2012 मध्ये, म्हणजे जवळपास 19 वर्षांनी.
आपल्याकडे खैरलांजी आठवा. 2006, भंडारा जिल्हा, एकाच दलित कुटुंबातले चौघे मारले. खून सिद्ध झाले पण कोर्टाने अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही, 2010 ला हायकोर्टानेही नाही. खून दिसतो पण तो कशामुळे झाला ते निकालात येत नाही, हे मला आजही पचत नाही.

अभय_क:
माझा थोडा वेगळा मुद्दा. नोंद महत्त्वाची आहेच पण शिक्षा नंतरची गोष्ट हे पटत नाही. 2019 चा तृतीयपंथी व्यक्तींचा कायदा बघा, त्यात लैंगिक अत्याचारालासुद्धा जास्तीत जास्त 2 वर्षं, आणि बाईवर बलात्कार झाला तर कमीत कमी 10. सरकार स्वतःच सांगतंय की तुमच्या शरीराची किंमत कमी आहे, मग शिपायाने तरी तक्रार का मनावर घ्यावी? आणि एक, अ‍ॅट्रॉसिटीचा गैरवापर होतो असंही बरेच लोक म्हणतात, त्याचं काय?

पाणकळा:
तृतीयपंथी कायद्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर, तिथे शिक्षा वाढवलीच पाहिजे.
गैरवापराचं म्हणाल तर आरोपी सुटला म्हणजे केस खोटी, असा अर्थ लावू नका. साक्षीदार फितूर होतात कारण त्यांना त्याच गावात राहायचंय, त्याच माणसाच्या शेतात मजुरीला जायचंय. मार्च 2018 ला सुप्रीम कोर्टाने अटकेआधी परवानगी आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी असं सांगितलेलं, देशभर आंदोलन झालं, त्याच वर्षी संसदेने कलम 18 अ आणून ते काढलं आणि 2020 मध्ये कोर्टानेही ती दुरुस्ती मान्य केली.

सावली:
खूप कळलं यातून. पण समजा ठाण्यात घेतच नाहीत फिर्याद, तर त्याच दिवशी काय करायचं?

पाणकळा:
वाद घालत बसू नका. घडलं ते सगळं आपल्या शब्दांत लिहा, शिवी जशीच्या तशी, वेळ, जागा, कोण कोण बघत होतं, आणि तो अर्ज एसपींना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. अ‍ॅट्रॉसिटीच्या तक्रारींसाठी 14566 ही हेल्पलाइन आहे, तिथेही तक्रार नोंदवा. तरी नाही झालं तर वकिलामार्फत थेट विशेष कोर्टात जाता येतं, 2015 पासून त्या कोर्टाला स्वतः दखल घ्यायचा अधिकार आहे. आणि मुद्दाम टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कलम 4 आहे, 6 महिने ते 1 वर्ष, फक्त त्याला आधी खात्याच्या चौकशीची शिफारस लागते. गुन्हा दाखल झाला की एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात घेतल्याशिवाय आणि स्वतः वाचल्याशिवाय उठू नका, वाचता येत नसेल तर वाचणारं माणूस सोबत न्या.