असेटचे वर्ग किती खोल पाडायचे? माझं मत: देखभालीचं काम बदलतं तिथपर्यंतच

पंपरूम (धागाकर्ता)

इमारतीच्या देखभालीचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं की त्यात नोंदवायच्या यंत्रांचे, म्हणजे असेटचे, वर्ग किती बारीक पाडायचे हा वाद सुरुवातीलाच उभा राहतो, म्हणून मुद्दाम धागा काढतोय. वर्गीकरण करणारी मंडळी बहुधा एखादं तयार मानक उघडतात, त्यातली सगळी उतरंड सॉफ्टवेअरमध्ये भरतात आणि मग कुठलं यंत्र कुठे बसतं ते शोधत राहतात. माझ्या मते सुरुवात चेकलिस्टपासून व्हायला हवी. दोन यंत्रांना एकच चेकलिस्ट लागते, ती सारख्याच अंतरानं करावी लागते आणि दोन्ही सारख्याच तऱ्हेनं बिघडतात, तर त्यांचा वर्ग एक. यातलं काहीही वेगळं असेल तर नवा वर्ग.

मेक, मॉडेल, क्षमता, व्होल्टेज हे गुणधर्म आहेत, त्यांच्यासाठी वेगळे रकाने असतात. एएचयूचे (हवा गाळून, थंड करून खोल्यांत सोडणाऱ्या यंत्राचे) 'एएचयू ५ टन' आणि 'एएचयू १० टन' असे दोन वर्ग पाडले की फिल्टर बदलण्याची तीच चेकलिस्ट दोन जागी सांभाळावी लागते. एकीकडे सुधारणा होते, दुसरीकडे राहून जाते. 'तिसऱ्या मजल्याचा एएचयू' हा तर वर्गच नव्हे, मजला लोकेशनमध्ये जातो. 'क्रिटिकल एएचयू'चंही तेच. सर्व्हर रूमचा आणि जिन्याजवळचा एएचयू एकाच जातीचे असू शकतात. कोणाकडे आधी धावायचं हे ठरवणारा रकाना वेगळा ठेवावा.

विरोधी मतं वाचायला आवडतील.

हँडओव्हर_फाइल

असहमत. तुमचा नियम एका इमारतीपुरता चालेल. दहा इमारती एका छत्राखाली आल्या की तो कोसळतो, कारण प्रत्येक ठिकाणचा मुख्य अभियंता आपापल्या चेकलिस्टवरून वर्ग पाडणार. एकीकडे 'एसी', दुसरीकडे 'वातानुकूलन', तिसरीकडे 'चिलर प्लांट'. वर्षाअखेरी कोणी विचारलं की सगळ्या इमारतींत मिळून वातानुकूलनावर किती खर्च झाला, तर उत्तर हातानं जुळवत बसावं लागतं.

मानकं याचसाठी आहेत. युनिफॉरमॅट २ हे इमारतीच्या भागांचं वर्गीकरण एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ई१५५७ या मानकात १९९३पासून आहे. त्यात डी अक्षराखाली सेवा येतात: डी१० लिफ्ट, डी२० प्लंबिंग, डी३० वातानुकूलन, डी४० अग्निसुरक्षा, डी५० विद्युत. बांधकामाचं अंदाजपत्रकही अनेकदा याच रचनेत असतं, त्यामुळे बांधकामाचा खर्च, देखभालीचा खर्च आणि पुढच्या बदलांची तरतूद हे एका रेषेत लावता येतं. तुम्ही देखभालीच्या सोयीसाठी ही रेषा तोडायला सांगताय.

रात्रपाळी

मी पंपरूम यांच्या बाजूनं आहे, कारण ही यादी वापरणारा माणूस मला रोज दिसतो. प्लँट रूममध्ये गळती आहे, हात ओले आहेत, फोनवर वर्क ऑर्डर उघडायची आहे. नेमप्लेटवरची अक्षरं गंजानं गेलेली, यंत्राची ओळख सांगणारा टॅग निघून पडलेला. समोर डी३०, त्याखाली चार अंकी कोड, त्याखाली आणखी एक पातळी. तो माणूस यादीतला पहिला पंप निवडतो किंवा 'इतर'वर बोट ठेवतो आणि गळती थांबवायला जातो. त्यानं बरोबरच केलं, आधी गळती थांबायला हवी. पण वर्षभरानं बिघाडांचा अहवाल काढला की सगळ्यात जास्त बिघडणारं यंत्र 'इतर' निघतं.

हँडओव्हर_फाइल

@रात्रपाळी, हा दोष टॅगिंगचा आहे, वर्गीकरणाचा नाही. टॅग स्कॅन झाला की वर्ग आपोआप यायला हवा. टेक्निशियननं वर्ग निवडायची वेळच येता कामा नये.

रात्रपाळी

टॅग असतो तेव्हा ठीक. छताच्या आतला फायर डँपर (आगीत हवेचा मार्ग बंद करणारी झडप), खोट्या छतावरचा व्हॉल्व्ह, हँडओव्हरच्या (बांधकामानंतर इमारत ताब्यात देतानाच्या) यादीत कधी आलेलाच नाही असा एक्झॉस्ट फॅन, ही यंत्रं सापडतात ती नेमकी बिघडल्यावर. तेव्हा वर्ग निवडणारा माणूस तोच असतो.

बेअरिंग६३०५

धागाकर्त्याचा नियम मला पटतो, पण त्याचा शेवट बहुतेकांना वाटतो तिथे होत नाही. 'चेकलिस्ट बदलली की वर्ग बदलला' हे मनापासून पाळलं तर 'पंप' हा एक वर्ग पुरणारच नाही. स्प्लिट केस पंपात इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चक्राच्या) दोन्ही बाजूंना बेअरिंग आणि दोन्ही बाजूंना सील. एंड सक्शनमध्ये सील एकच. क्लोज कपल्ड, म्हणजे थेट मोटरलाच जोडलेला, असेल तर अलाइनमेंट तपासण्याची ओळच चेकलिस्टमधून जाते. सांडपाण्याचा सबमर्सिबल पंप तर उचलून बाहेर काढल्याशिवाय पाहताच येत नाही. म्हणजे तुमच्याच कसोटीवर चार वर्ग झाले. हरकत नाही, ते खरे आहेत.

माझा खरा आग्रह सीमारेषेचा आहे. पंपाच्या टॅगमध्ये मोटर धरायची की नाही? व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारं उपकरण? सक्शनचा व्हॉल्व्ह? तेल आणि वायू उद्योगातलं आयएसओ १४२२४ हे मानक उद्योगापासून सुट्या भागापर्यंत नऊ पातळ्या मांडतं. इमारतीला त्यातल्या बऱ्याच नकोत. पण त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: प्रत्येक यंत्राची हद्द तिथे लिहून दिलेली आहे. पंपाच्या हद्दीत त्याला चालवणारी मोटर येत नाही, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांवरचे व्हॉल्व्हही येत नाहीत. ही रेषा लिहिलेली नसली की एक जण मोटर जळाल्याची नोंद पंपावर करतो, दुसरा मोटरवर, तिसरा पॅनेलवर. मग पंप बिघडला किती वेळा, हे कोणालाच सांगता येत नाही. वर्ग चार असोत की चाळीस, प्रत्येकासमोर 'यात काय येतं, काय येत नाही' अशी एक ओळ हवीच.

पंपरूम

@बेअरिंग६३०५, चारही वर्ग मान्य. कमीत कमी वर्ग पाडा असा माझा हट्ट नाही, प्रत्येक वर्गामागे वेगळं काम दाखवता यायला हवं एवढंच. हद्दीची ओळ तर हवीच. मोटर वेगळी काढून दुसऱ्या पंपावर बसवत असाल तर तिला स्वतःचा टॅग द्या, म्हणजे रिवाइंडिंगचा इतिहास तिच्याबरोबर जातो. सॅप या सॉफ्टवेअरमध्ये फंक्शनल लोकेशन आणि इक्विपमेंट वेगळे ठेवलेत ते याचसाठी: जागा तीच राहते, यंत्र बदलतं.

@हँडओव्हर_फाइल, तुलनेची गरज खरी आहे. त्यासाठी मानकाचा कोड प्रत्येक वर्गासमोर लपवलेल्या रकान्यात ठेवता येईल. टेक्निशियनला तो दिसायची गरज नाही.

हँडओव्हर_फाइल

तो रकाना चालणार नाही आणि इथेच तुमची मांडणी अडते. एंड सक्शन पंप पिण्याच्या पाण्यावर असेल तर तो डी२०, चिल्ड वॉटरवर डी३०, फायर लाइनवर डी४०. वर्ग एक, कोड तीन. वर्गासमोर कोणता लिहिणार?

अलार्म_पॅनेल

याच जागी माझं म्हणणं मांडतो, कारण अग्निसुरक्षेत याची किंमत सगळ्यात जास्त. फायर पंपाचं शरीर इतर पंपांसारखं असलं तरी त्याच्यावर वेगळे नियम लागू होतात. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेचं एनएफपीए २५ हे मानक पाळत असाल तर डिझेल फायर पंप दर आठवड्याला किमान ३० मिनिटं चालवावा लागतो. इलेक्ट्रिक फायर पंपाला चाचणीत किमान १० मिनिटं. आपत्कालीन दिव्यांचं पाहा: एनएफपीए १०१प्रमाणे महिन्याला ३० सेकंदांची चाचणी आणि वर्षाला पूर्ण ९० मिनिटांची. तोच दिवा, साध्या प्रकाशासाठी लावला तर यातलं काहीच नाही.

तपासणीला आलेला अधिकारी 'एंड सक्शन पंप दाखवा' म्हणत नाही. तो म्हणतो, अग्निसुरक्षेतलं सगळं दाखवा, आणि कुठली चाचणी चुकली तेही दाखवा. यंत्राची जात आणि यंत्र कुठल्या व्यवस्थेसाठी काम करतं, हे दोन स्वतंत्र रकाने हवेत. हे एकाच उतरंडीत कोंबलं की काही ना काही हरवतंच.

पंपरूम

@हँडओव्हर_फाइल यांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. वर्ग एका रकान्यात, व्यवस्था दुसऱ्यात, आणि मानकाचा कोड दोन्ही मिळून ठरतो. एंड सक्शन अधिक अग्निशमन म्हणजे डी४०. तुमच्या हँडओव्हरच्या कोबीमध्येसुद्धा (इमारतीची माहिती सोपवण्याच्या ठरलेल्या तक्त्यांमध्ये) टाइप आणि सिस्टिम यांची पानं वेगळीच असतात. ती वेगळी आलेली माहिती सॉफ्टवेअरमध्ये भरताना आपण एकत्र का करतो?

हँडओव्हर_फाइल

दोन रकान्यांची रचना मला मान्य. पण मग व्यवस्थांची यादी तरी सगळ्या इमारतींत एकच ठेवा आणि ती मानकातूनच घ्या, तिथे स्थानिक मोकळीक नको. वर्गांच्या यादीतही नवा वर्ग घालायचा अधिकार एकाच माणसाकडे असावा. आणि 'इतर' काढून टाका. तो पर्याय असेपर्यंत लोक तो निवडणारच.

रात्रपाळी

'इतर' काढला तर रात्री माणूस चुकीचा वर्ग निवडेल आणि ती चूक कधीच उघडी पडणार नाही. 'इतर'मधली नोंद निदान शोधून काढता येते.

पंपरूम

इथे मी रात्रपाळी यांच्याबरोबर. नाव 'इतर' ठेवण्याऐवजी 'वर्ग ठरायचा आहे' ठेवा, त्याला फोटो सक्तीचा करा आणि ती यादी दर सोमवारी सुपरवायझरसमोर येऊ द्या. नवा वर्ग मागणाऱ्यानं त्याची चेकलिस्ट बरोबर आणावी.

हँडओव्हर_फाइल

फोटो सक्तीचा, एवढं मान्य. पण सोमवारी यादी रिकामी झाली नाही तर ती कोणाच्या नावावर राहते, हे सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी लिहून घ्या.